न्यूट्रल हा मां?

काकांनी त्या दिवशी विचारलं होतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही दोघं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचो. काका मालवणकडचे, संपाच्या बऱ्याच आधी गिरणी सुटल्यावर या धंद्यात आलेले. मी तिशीला टेकलेला, त्यांच्याच हाताखाली शिकून भागीदार झालेला. जुन्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, लागेनासा झाला की आमची एक रीत होती. एकाने गाडीत बसायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली वाकून सेल्फच्या स्विचचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडायचे. म्हणजे चावी वगळून बॅटरीचा करंट थेट सेल्फला. पण गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती तशीच उडी मारते, वाकलेल्या माणसाच्या अंगावर. म्हणून स्क्रू ड्रायव्हर टेकवण्याआधी काका विचारायचे, "न्यूट्रल हा मां?" आतल्याने गिअरचा दांडा हलवून बघायचा आणि मगच "न्यूट्रल" म्हणायचं. सहा वर्षांत त्यांनी हे विचारलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

त्या सकाळी माझ्याहून वयाने मोठी असलेली एक काळी विलायती गाडी ढकलत आणली गेली. मालक अंधेरीचे वकील. मुलगी याच गाडीतून घाटकोपरच्या हॉलवर जायची होती. मुहूर्त अकराचा, आणि साडेनऊ वाजून गेले होते. चावी फिरवली की नुसतं टक्.

"सेल्फचो दात अडाकलोहा," काका म्हणाले. "आधी हलव तिका."

हा दात इंजिनच्या चाकात अडकून बसला की गाडी गिअरमध्ये टाकून पुढेमागे ढकलायची, मग तो सुटतो. मी दुसरा गिअर टाकला, खाली उतरून खांदा लावला. तिसऱ्या हिसक्याला आत काहीतरी खटकन सुटलं. खिडकीतून हात घालून चावी फिरवून पाहिली, तर आता टक् पण नाही.

"स्विच पण गेलो," काका म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकले.

वकील मनगटावरचं घड्याळ माझ्या तोंडासमोर धरून उभे. "गाडी लग्नाला न्यायचीय, मिस्त्री. तेराव्याला नाही."

"तुम्ही जरा बाजूला व्हा ना," मी म्हणालो. डोकं तापलं होतं. एक पाय बाहेर ठेवूनच सीटवर टेकलो. वकिलाला याहून चांगलं उत्तर काय देता आलं असतं, तेच मनात जुळवत होतो.

"न्यूट्रल हा मां?"

"न्यूट्रल," मी म्हणालो. हात दांड्याला लागलाच नाही.

गाडी उडाली. समोर लोखंडी टेबल, आणि मधे काका. मी ब्रेकवर पाय आणेपर्यंत त्यांचा उजवा गुडघा टेबलाच्या पायाशी चेपला गेला होता. स्क्रू ड्रायव्हर फरशीवर पडल्याचा आवाज तेवढा आठवतो.

टॅक्सी वकिलांनीच थांबवली आणि काकांना हॉस्पिटलात पोचवूनच ते लग्नाला गेले. एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी खाटेशेजारी बसलो होतो. छताकडे बघत काका म्हणाले, "मियां इचारूक नाय काय रे?"

खरं उत्तर अगदी ओठांवर होतं. मी म्हणालो, "नाही काका. घाईत राहून गेलं असेल."

काकांनी उजवा हात उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे आता माझो भरवसो नाय."

गुडघा बरा झाला, चालताना थोडे लंगडतात. पण त्यांनी पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. दोनदा मी बोलवायला गेलो. "नको रे. उद्या तुझो जीव घेईन," म्हणाले. हे ऐकूनही मी चहा पिऊन परत आलो.

अजून ते वाकोल्याला राहतात, वय झालंय. मी दर दिवाळीला फराळ घेऊन जातो. काकी हसत सांगतात, गॅस बंद केला की नाही ते बघायला हे तीनदा उठतात, कुलूप लावून खाली उतरतात आणि ओढून बघायला परत वर जातात. काका मान खाली घालून चकली खातात. मीही हसल्यासारखं करतो.

त्यांनी विचारलं होतं, आणि मी न बघता उत्तर दिलं होतं. हे त्यांच्या तोंडावर सांगणं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.