नवा कंपायलर आणि संत्र्यांचा पट्टा

वरूडच्या पॅकिंग हाउसमध्ये आमची यंत्रे संत्री आकारानुसार वेगळी करतात. पट्ट्यावरून संत्रे येते, सेन्सर त्याचा आकार मोजतो आणि ते नेमक्या जागी पोहोचले की एक झडप त्याला त्याच्या खान्यात ढकलते. या यंत्रांच्या चिपमधला प्रोग्रॅम अमरावतीच्या कार्यालयात मी सांभाळते. तो चिपला कळेल अशा भाषेत उतरवणारे साधन, म्हणजे कंपायलर, कंपनी सुरू झाल्यापासून आम्ही एकच वापरत होतो. गेल्या हिवाळ्यात प्रश्न निघाला की त्याची नवी आवृत्ती घ्यायची का.

प्रश्न तांत्रिक होता, पण माझ्यापुरता तो तसा राहिला नाही. नवी आवृत्ती अकोल्याच्या शाखेत आधीच आली होती, आणि ती आणणारी मुलगी कॉलेजात माझ्याच वर्गात होती. पातूरकडची, घरी भाजीपाल्याचा मळा. परीक्षेआधी माझ्या वह्या मागून नेणारी. डाळ मिलच्या यंत्राचा प्रोग्रॅम तिने नव्या कंपायलरवर इतका आटोपशीर बसवला होता की आधीपेक्षा लहान चिप पुरली. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, ही गोष्ट ग्राहकांना सांगत, आणि तेवढ्याने भागत नसे म्हणून मलाही सांगत.

मला तिचा हेवा वाटत होता. त्याचे पृथक्करण करून पाहिले तरी तो कमी होईना. गुण माझे जास्त, वाचन माझे जास्त. पण ती मिलमालकांपुढे बिनदिक्कत ‘आमी करून राहिलो ना, भाऊ’ म्हणे आणि ते खुर्ची पुढे ओढून बोलू लागत. शिक्षकाच्या घरात घोटलेल्या माझ्या शुद्ध मराठीपुढे तेच लोक ताठ बसत आणि ‘कळवतो’ म्हणत.

सरांनी मला बोलावून व्यवहार सरळ मांडला. संत्र्याचा रंगही ओळखणारे नवे यंत्र करायचे होते. "नवं टूल घेतलं त ती मशीन तिच्याकडं, तिले त्याची सवय हाय. नाही घेतलं त तुह्याकडं. आपली जुनी मशीन त्याच्यावर चालते का तेवढं तपासून सांग मले."

स्पर्धकाच्या हाती तराजू देण्याचा हा प्रकार त्यांना मुळीच विचित्र वाटला नाही.

मी जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर चढवला, चाचणीच्या पट्ट्यावर वरूडची संत्री सोडली. झडप संत्रे यायच्या आधीच हवेत आपटून परत गेली. मागून आलेले संत्रे शांतपणे सरळ पुढे निघून गेले, त्याच्यामागचेही. स्वतःच्या यशानेही मला इतका निर्भेळ आनंद क्वचितच दिला होता.

कारण मला दुपारच्या चहापर्यंत कळले. सेन्सर आणि झडप यांच्यामध्ये एक विराम असतो. सुरुवातीच्या काळात सर वरूडला पट्ट्याशी उभे राहून तो डोळ्यांनी ठरवत. चिपला एका मोठ्या आकड्यापर्यंत नुसते मोजत बसायला सांगायचे. संत्रे पुढे गेले तर आकडा कमी करायचा, मागे राहिले तर वाढवायचा. आमच्याकडे याला ‘संत्र्यावर लावणे’ म्हणतात आणि आमचे सगळे विराम असेच लावलेले आहेत. नवा कंपायलर जास्त हुशार. या मोजण्यातून काहीच निष्पन्न होत नाही हे त्याने ओळखले आणि ते सरसकट काढून टाकले. उपाय सोपा होता: विराम चिपच्या स्वतःच्या घड्याळावरून घ्यायचा.

अहवालात मी लिहिले, ‘सध्याचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालत नाही.’ त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

बैठकीला ती सकाळच्या गाडीने अकोल्याहून आली. मी पट्टा सुरू केला. झडप आपटली, संत्री निघून गेली.

"माय वो," ती म्हणाली, "हे त संत्र्याले हात लावाले तयारच नाही. नवी नवरी हाय का?"

सर हसले, मग गंभीर झाले. "राहू दे मंग. सीझन तोंडावर हाय. जुनंच बरं."

ती ओणवी होऊन झडपेकडे पाहत राहिली. "पण सर, काहून होऊन राहिलं असं? मह्याकडं त नाही झालं."

डाळीला थांबावे लागत नाही, तिच्या यंत्रात असा विरामच नाही, हे उत्तर माझ्या ओठांवर होते. मी ते गिळले. नवे यंत्र जवळजवळ माझे झाले होते.

"तिलेही नसन समजलं," सर तिला समजावत म्हणाले. "अवघड असते हे. जाऊ दे."

ते वाक्य मला सहन झाले नाही. यंत्र हातचे जाणे मी सोसू शकले असते. मला समजले नाही असे, आणि तेही तिच्यासमोर, कोणी मानणे शक्य नव्हते. मी फळ्याशी गेले आणि सगळे सांगितले: रिकामे मोजणे, ते काढून टाकणारी हुशारी, घड्याळाचा उपाय. सांगत असतानाच कळत होते की मी काय देऊन टाकत आहे, तरी वाक्ये सुबक येत होती.

"म्हणजे चालन," सर म्हणाले.

"चालेल. जुनी यंत्रे या हंगामात आहेत तशीच ठेवावीत. नवे यंत्र नव्यावरच करावे."

"असं सांग ना मंग. अहवालात अर्धंच लिहितं काय?" ते तिच्याकडे वळले. "घे वो, लाग कामाले."

"मले त दोन दिवस डोस्कं फोडा लागलं असतं," ती मला म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

दुपारी ती माझ्या खुर्चीत बसून माझ्या संगणकावर नवी आवृत्ती चढवू लागली. मध्येच पडद्यावर पासवर्ड मागितला गेला. तिने खुर्ची जराशी मागे सरकवली आणि मान खिडकीकडे वळवली. मी वाकून तो टाकला.