चिंधी बांधलेली कणसं

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, म्हणून वाचायच्या आधीच कळलं की गावाकडं कुणीतरी गेलं. खामगावच्या आमच्या बिऱ्हाडाच्या दारात उभ्या उभ्या वाचलं... थोरल्या जाऊबाई गेल्या. ताप दोन दिवस अंगावर काढला आणि तिसऱ्या दिवशी उठल्याच नाहीत, असं पुतण्यानं चार ओळींत लिहिलं होतं. याला आता महिना होत आला. मधल्या काळात जो भेटला तो म्हणाला, बाई म्हणजे देवमाणूस. नव्हत्या हो. फटकळ होत्या, हट्टी होत्या आणि चार बायांत मला गप्प करण्यात त्यांना भारी गोडी होती. मी त्यांना बाई म्हणायची. आठ वर्षं एका चुलीवर काढली आम्ही, त्यातली निम्मी एकमेकींवर दातओठ खात. तरी त्या गेल्यापासून मला घास गोड लागत नाही, हेही खरंच आहे.

रोहिणखेडच्या अलीकडे आमचं गाव. बियाणं निवडायचं काम तिथं घरातल्या थोरल्या बाईचं. ज्वारी निसवायला, म्हणजे कणसं बाहेर पडायला लागली की बाई वावरात फिरायच्या आणि सगळ्यांत उंच, सगळ्यांत जोमदार कणसाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. चिंधीच्या झाडाला मग कुणी हात लावायचा नाही, ते पुढच्या सालचं बी. त्यांची नजर अशी की शेजारचेही त्यांना आपल्या वावरात बोलावून नेत.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्याकडं संकरित ज्वारी आली. भासऱ्यांनी, म्हणजे बाईंच्या मालकांनी, तिच्या बियाण्याचा प्लॉट घेतला. काही ओळी नर, काही मादी. मादीवर नराचाच पराग पडला तर बी खरं, दुसरा पडला की सगळं वाया. मादीच्या ओळीत वेगळं झाड दिसलं की फुलायच्या आत उपटा, असं शेतीखात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. हे बी तालुक्यातल्या गावोगावी जाणार होतं. भासरे हुरळून गेले होते. पुढच्या पोरांना उपास म्हणजे काय ते सांगावं लागेल, म्हणायचे. बाईंनी एकच विचारलं, "याचं बी घरी धरता येते का?" साहेब नाही म्हणाले, दरसाल नवी पिशवी घ्यायची. "मंग म्या काय करू?" बाई म्हणाल्या. तेव्हा मला ते नुसतं वाकडं बोलणं वाटलं.

साहेबांनी दिलेलं छापील पत्रक नीट वाचणारी घरात मी एकटी, सातवी झालेली. मजुरीच्या बायांना वाचून दाखवायला लागले, तर बाई म्हणाल्या, "ठेव तो कागद. कागद वाचून ज्वारी पिकत नाही व." बाया खदखदल्या. माझे कान तापले. म्हटलं, पिकवा मग तुम्हीच.

पुढं चार दिवसांनी भाकरी घेऊन वावरात गेले, तर मादीच्या बुटक्या ओळींतून सात-आठ कणसं हातभर वर निघालेली आणि एकेकाला बाईंच्या हिरव्या लुगड्याची चिंधी. बायांनी बाकीची भेसळ उपटली होती, पण चिंधीचं झाड उपटायची कुणाची छाती? पत्रकात तर स्पष्ट होतं, की उंच आणि जोमदार तीच भेसळ. अजून एकही फुललं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. मी बाईंपुढं टोपलं ठेवलं आणि घरी आले.

दोन दिवस गप्प बसले. पीठ मळता मळता हात थांबायचे, शब्द ओठावर यायचा आणि मग त्या बायांचं हसू आठवायचं... उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. सकाळी मला राहवेना, पत्रक घेऊन वावरात पळाले. पाहते तर चिंध्यांच्या वर पिवळा फुलोरा, बोट लावलं तर भुकटी उडाली.

"बाई, हे उपटायचं होतं. आत्ताच वाचलं मी."

"आत्ताच?"

"हाव."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. भासरे तिथंच होते. त्यांचा रंगच उडाला. "उपट आन् टाक नाल्यात. साहेबाले काय सपन पडते?" बाईंनी एकेक झाड उपटलं, पण नाल्यात टाकलं नाही. भारा हातात धरून बांधावर उभ्या राहिल्या. साहेब येईपर्यंत भासरे त्यांना आधी दटावत होते, मग विनवत होते. मी शेजारी उभी.

"साहेब, ही माह्या हातची चूक हाय," बाई म्हणाल्या. "कालपासून फुलून राह्यले होते."

"बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"तुम्हाले नसतं कळलं. पुढच्या साली ज्याच्या वावरात गेलं असतं, त्याले कळलं असतं."

सगळा प्लॉट बाद झाला. ज्वारी खायला चालली, बियाण्याला नाही. भासरे दिवाळीपर्यंत बाईंशी बोलले नाहीत आणि बाईंना पुन्हा कुणी आपल्या वावरात कणसं निवडायला बोलावलं नाही. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

आम्ही खामगावला आलो, तरी दर पेरणीच्या आधी बाईंचा निरोप यायचा, बियाण्याच्या पिशवीचं पत्रक वाचायला ये. मी वाचेपर्यंत पिशवी उघडायची नाही. मला वाटे, टोमणा मारतात. परवा गावी गेले, तर पुतण्यानं नव्या बियाण्याचं पत्रक माझ्यापुढं धरलं. म्हटलं, तू तर मॅट्रिक झालास बाबा, माझं काय काम?

"मायनं सांगून ठेवलं हाय," तो हळूच म्हणाला. "माय म्हणे, भाकरी घेऊन आली तव्हाच चिंध्या पाहून तुह्या काकूचं तोंड उतरलं होतं. म्हणे, तिच्या मनाले लागलं हाय, आता तिच्यासारखं ध्यान देऊन कोणी वाचणार नाही. बाबाले मात्र बोलू नको म्हणे."

मी पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. भासरे भिंतीला टेकून ऐकत होते. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलले नव्हते, आमच्यात तशी रीतच नाही. पदर सारखा केला आणि म्हणाले, "त्या चिंध्यांचं मले दोन दिवस आधीच ठाऊक होतं. म्या सांगितलं नाही. बाईनं ते ओळखलं होतं."

"तिनं मले कधी सांगितलं नाही," भासरे म्हणाले.