कडूबाची बेंबी

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत पोट दुखलं की कारण एकच, बेंबी सरकली. आणि उपायही एकच, कडूबा. माणूस उताणा निजवायचा, बेंबीवर पेटती पणती ठेवायची आणि वर तांब्या पालथा घालायचा. तांब्या चिकटला की कडूबा मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "बसली." चाळीस वर्षं डॉक्टरांना शिव्या घालून त्याने हा मान कमावला होता.

याच कडूबाला संडासवाटे रक्त जायला लागलं, तेव्हा हा बहाद्दर गुपचूप जालन्याला गेला. माझ्याच जीपमध्ये, मागच्या सीटवर, तोंडाला उपरणं बांधून. डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतड्यातली गाठ काढली, वरून चिरफाड काही नाही. घरी सोडताना बजावलं, "गाठ होती तिथं आतडं पातळ झालंय, भोक पडू शकतं. पोट दुखलं तर काही खाऊ नका, ताबडतोब या." कडूबाने मान डोलावली. मान डोलवायला त्याचं काय जातं?

दुसऱ्याच दिवशी दुपारी पोट दुखायला लागलं. त्याची बायको चतुराबाई म्हणाली, "डॉक्टरानं सांगितल्तं, चला." हा म्हणे, "बेंबी सरकली. तांब्या आण." पोट फळीसारखं टणक झालं, अंगात थंडी भरली, तरी हा शहाणा तांब्या धरून पडलेला. शेवटी तिनेच तांब्या उपटून अंगणात भिरकावला आणि मला हाक मारली. जीपमध्ये कण्हत कण्हत तो म्हणतो, "कल्याण, लोकायला मुतखडा सांग." जीव चालला होता आणि याला अब्रूची पडलेली. मला चीड आली, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

आतड्याला भोक पडलंच होतं. पोट उघडून धुवावं लागलं. पोटावरचा गोल वळ पाहून सर्जनने विचारलं, "हे काय?"

"आमचं शहाणपण," चतुराबाई म्हणाली.

तो वाचला. काही महिन्यांसाठी पोटाला मळाची पिशवी लागली. ती सदऱ्याखाली लपवून तो पुन्हा ओट्यावर बसायला लागला, आणि एके सकाळी एक बाई पोट धरून रडणारी पोर घेऊन आली. कडूबाने तांब्या मागितला.

चतुराबाई बाहेर आली. तांब्या आणला नव्हता. तिने सरळ त्याचा सदरा वर केला.

"बाई, आधी यांची बसली का बघ," ती म्हणाली, "मंग तुह्या पोरीची दाखव."

कडूबाने सदरा खाली ओढला. पोरीला जालन्याला न्यायला मी जीप काढायला गेलो.