हसूकाकांची पडद्यापुढची जागा

हसूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी शंका आली, दुःख नंतर. फोनवर बेबीकाकू होत्या. "पोरी, तुझं काका गेलं गो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी विचारून बसले, "काकू, खरंच?" ... असं विचारणं बरं दिसत नाही, मला कळतं. पण ज्यांनी या माणसाला जवळून पाहिलं, त्यांना त्यात काही वावगं वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी आपण अंथरुणाला खिळल्याचा निरोप त्यांनी स्वतःच नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत धाडला होता. कोण येतं, कोण येत नाही, आणि आलेला माणूस आधी तब्येतीचं विचारतो की प्लॉटचं, हे त्यांना पाहायचं होतं. मी सफरचंदं घेऊन धावत गेले, तर दार त्यांनीच उघडलं. "तू आलीस? बरं झालं," म्हणाले आणि पिशवीत डोकावून एकेक सफरचंद दाबून पाहू लागले. या वेळी मात्र काकूंच्या मागे बायकांचं रडणं ऐकू आलं, आणि मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

पनवेलच्या जुन्या बाजारात माझं विमान तिकिटांचं छोटं दुकान आहे. हसूकाकांचं घर मागच्याच गल्लीत. मूळचे ते उलव्याकडचे. तिथे त्यांची भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागरात हिस्सा होता. विमानतळासाठी जमिनी गेल्या तेव्हा त्यांचीही गेली, मोबदल्यात पैसे आणि प्लॉट मिळाला, आणि ते पनवेलला घर बांधून राहिले. जमीन जाताना त्यांना इतक्या लोकांनी इतकं काही सांगितलं होतं, आणि प्रत्येकाचं सांगणं आदल्यापेक्षा इतकं वेगळं होतं, की तेव्हापासून त्यांचा कशावरच विश्वास उरला नाही. दूधवाल्याच्या मापावर नाही, डॉक्टरच्या मशीनवर नाही, हवामानाच्या बातम्यांवर तर नाहीच. माझ्याबद्दल मन स्वच्छ असलं की मी "पोरी" असायची, आणि किंतु आला की त्याच क्षणी "मॅडम" व्हायची.

एकदा दुपारी ते दुकानात आले. खुर्चीवर बसलेच नाहीत. "विमानात त्या पडद्याच्या पुढं काय असतं?" असा थेट प्रश्न. त्याआधी ते गावच्या मंडळींबरोबर दुबईला जाऊन आले होते. चढताना पुढच्या भागातल्या रुंद खुर्च्या त्यांनी पाहिल्या, पाय जरा रेंगाळला, तर हवाईसुंदरीने हसून मागे जायला सांगितलं आणि नंतर त्यांच्या डोळ्यांदेखत पडदा सरकवला. तो पडदा त्यांच्या मनातून जात नव्हता. "आमी काय नजर लावनार होतो? पडदा कशाला लागतो? झाकायचं असतं तवाच पडदा लागतो." आता मुलगी सुजाता लंडनला, तिला दिवस गेलेले. तिच्या बाळंतपणाला दोघांनी जायचं, आणि जायचं ते पहिल्या वर्गाने, असं त्यांनी ठरवलं होतं. "विमान उतरनार आमच्या शेतावर, न आमी मागं बसायचं?"

त्यांना कसं सांगावं, मला कळेना. माझ्या धंद्याच्या सुरुवातीला फर्स्ट क्लासची माहितीपत्रकं यायची, जाड कागदाची, लग्नपत्रिकेसारखी. मग ती यायची थांबली. लांबच्या विमानांतून पुढच्या रांगा आधी कमी झाल्या, मग कित्येक कंपन्यांनी त्या काढूनच टाकल्या. बिझनेस क्लासच्या खुर्चीचाच आता पलंग होतो, कुठे कुठे तिला दारही असतं. मोठ्या साहेबांना त्याहून महाग तिकीट द्यायला त्यांच्या कंपन्या तयार नाहीत, आणि खरे गडगंज लोक स्वतःच्या विमानाने फिरतात. हे सगळं मी काकांना समजावलं.

"कदीपासून बंद करतायत?"

"हळूहळू, काका. बरीच वर्षं चाललंय."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हंजे आमच्या हातात पैसा आला तवापासून."

मी हसले. ते हसले नाहीत.

तरीही मी शोधाशोध केली, आणि लंडनला जाणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या विमानात पहिल्या वर्गाच्या मोजक्या जागा अजून शिल्लक असल्याचं कळलं. त्यातल्या दोन मिळाल्या. काकांनी गल्लीभर सांगितलं. काकूंनी नवी नऊवारी घेतली. आणि निघायला थोडेच दिवस उरले असताना कंपनीचा निरोप आला : विमान बदललंय, नव्या विमानात फर्स्ट क्लास नाही, प्रवाशांना बिझनेसमध्ये जागा देऊ. मी फोन करून कारण विचारलं. "ऑपरेशनल कारण," पलीकडची मुलगी म्हणाली. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच.

"हे कारन कोनच्या गावचं?" काकांनी विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. आमच्या जागंवर कोनाला बसवलंत?"

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला, कंपनीचा निरोप मराठी करून वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकलं आणि तिकिटं रद्द करायला लावली. खारघरच्या एका एजंटकडे गेले, त्यानेही तेच सांगितलं. "ती मॅडम तुमची कोन लागते?" असं काकांनी त्याला विचारल्याचं त्यानेच मला फोनवर हसत हसत सांगितलं. त्यानंतर काका माझ्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात.

तिकडे सुजाता बाळंत झाली. मुलगा झाला. ती रोज फोन करी आणि काका रोज तेच सांगत, "पयला वर्ग मिळू दे, येतो." मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटला. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना खुर्ची नको हाय गो. देतो म्हनतात न आपली पाळी आली की बदलतात, त्याचा त्यांना राग हाय." ...आणि मग एका सकाळी काकू दुकानात आल्या. एकट्या. त्या कधीच एकट्या येत नसत. प्लास्टिकच्या पिशवीतून पासपोर्ट काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"माझा एकटीचा काढ. कुठंपन बसव. मागं बसव, नायतर डायवरच्या बाजूला बसव."

"आणि काका?"

"त्यांना बसू दे पयला वर्ग शोधत. मना नातू बघायचाय."

मी बिझनेसची जागा काढून दिली. परवडण्याचा प्रश्न नव्हता, आणि त्यांचे गुडघे सुजलेले असत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तोच काका दारात. आत आले नाहीत, उंबऱ्यावरूनच विचारलं, "मॅडम, तिच्या बाजूच्या खुर्चीवर कोन हाय?"

"अजून कोणी नाही."

"अजून म्हंजे?"

"येईल कोणीतरी, काका."

"कोनतरी म्हंजे कोन? बाई का बाप्या?" ते रस्त्याकडे पाहू लागले. रिक्षा गेल्या, भाजीची गाडी गेली... "तिला इंग्लिश येत नाय," ते म्हणाले. "पानी लागलं तरी मागनार नाय ती. ती जागा आमाला दे."

दोघं लंडनला गेले. पुढचं मला काकूंनी सांगितलं. दुपारचं विमान, काकू जेवून आडव्या झाल्या आणि काका उठले ते सरळ पुढच्या पडद्याशी. हवाईसुंदरी आडवी आली. काकांनी आपल्या हिंदीत तिला सांगितलं, की आम्हाला फक्त बघायचंय, बसायचं नाही. ती बिचारी हसली आणि तिनेच पडदा सरकवला. परतल्यावर काका दुकानात आले, माझ्यासाठी लंडनचा चहा आणला होता. खुर्चीवर बसले.

"पुढं कायच नाय गो. च्याची भांडी, न डायवरचं बंद दार."

"मग पटलं ना?"

"पटलं," ते म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "त्या विमानापुरतं."

नवा विमानतळ सुरू झाल्यावर विमानं आमच्या डोक्यावरून खाली उतरू लागली. काका चहाला आले की वर बोट करून विचारत, "त्याच्यात हाय का पयला वर्ग?" मी नाही म्हटलं की म्हणत, "खालून तुला काय दिसतंय?" त्यात राग उरला नव्हता. पण विचारणं त्यांनी सोडलं नाही. शेवटपर्यंत... मग एक दिवस त्यांच्या छातीत दुखू लागलं, आणि या वेळी त्यांनी कोणालाच निरोप धाडला नाही.

तेरावं झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. सुजाता येऊन परत गेली होती, घर शांत होतं. "बस, च्या टाकते," म्हणून काकू आत गेल्या. बाहेरच्या खोलीत काकांची खाट होती तशीच होती आणि समोरच्या भिंतीला, जरा तिरका, एक आरसा. येणाऱ्याजाणाऱ्यावर पाळत ठेवायला म्हातार्‍याने आरसा लावलाय, असं गल्लीत सगळे म्हणत, मीही म्हणत असे. त्या खाटेवर मी कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले आणि सहज वर पाहिलं. आरशात रस्ता दिसत नव्हता, फाटकही नाही. दिसत होता स्वयंपाकघराचा ओटा, आणि ओट्याशी उभ्या बेबीकाकू. त्यांनी भांडं गॅसवर ठेवलं, साखरेचा डबा उघडला, आणि सवयीने मान वर करून आरशात पाहिलं. खाटेवर काकांच्या जागी मी दिसले, तशी त्यांनी मान खाली घातली आणि चहात साखर घालू लागल्या.