नंदाच्या फोनाला नारळ

कशेळ्याच्या वर डोंगराला आमची वाडी. तिथल्या दशरथाची नंदा, गुणाची पोर, गणित घेऊन कर्जतच्या कॉलेजात बीएस्सी झाली. वाडीतली पैलीच. आता पुढं काय, म्हणून ती तिच्या विनिता म्याडमकडं गेली.

म्याडम बोलल्या, "बीएड केलंस तर शाळेत शिकवशील. एमएस्सी गणित केलंस तर कॉलेजात, पण तिथं जागा कुठे निघतात? तू संख्याशास्त्र घे. बँका आहेत, विमा कंपन्या आहेत."

नंदानं परीक्षा दिली. मुंबईला नंबर लागला, वर राहायची सोय.

दशरथानं इचारलं, "विम्यात काय करशील गं?"

"माणसं किती जगतील त्याचा अंदाज काढायचा, बाबा."

"आँ! ते तर आपला बुधाजी भगत फुकटात सांगतो!"

बुधाजी म्हंजी नंदाचा चुलता. त्याला मातर हसू नाय आलं.

जागा पक्की करायची ती फोनावरनंच, तिच्याच नंबरावर येणारा आकडा टाकून, शेवटच्या दिशी संध्याकाळी पाचच्या आत. वाडीत रेंज नाय, कशेळ्याला उतराया लागतं. त्या दिशी सकाळीच पोरगी निघाली, तर बुधाजी दारात आडवा.

"टेंपो घेतला तरी नारळ फोडतो आपण. हिचं नशीब त्या फोनात हाय. पैला देवाचा मान."

"काका, नुसतं हळदकुंकू लावा ना."

"गणित शिकली नि देवाला अक्कल सांगते काय गं?"

पाटावर फोन ठेवला नि वरनं नारळाचं पाणी भडाभडा ओतलं. फोन एकदा चमकला, मेला.

कुणी बोललं, तांदळात घाला. बुधाजीनं टोपलीत तांदूळ घेतलं, फोन पुरला, वर दिवा लावला. "दिवा विझंस्तोवर हात लावायचा नाय."

"बाबा, पाच वाजतील!" पोरगी टोपलीकडं धावली. दशरथानंच तिचा हात धरला. "भगताचा शब्द मोडून कुणाचं बरं झालंय?"

उन्हं कलली तवा दिवा विझला. खाली जीप भरल्याबिगर सुटंना. कशेळ्यात किरणचं मोबाईलचं दुकान. त्यानं कार्ड काढलं, पुसलं, आपल्या फोनात घातलं.

"कार्डाला काय बी झालं नाय गं. सकाळीच यायचं ना!"

कॉलेजचं पान उघडलं. मुदत संपली होती.

म्याडमनी लय फोन केले. जागा दुसऱ्याला गेली. "पुढच्या वर्षी परत दे," त्या बोलल्या. पण वाडीत बुधाजी सांगत फिरला, "देवानंच आडवली. तिकडं पोरीचं काय वंगाळ झालं असतं." लोक त्याच्या पाया पडले. दशरथबी पडला. मग कसली परीक्षा नि कसलं काय.

आता नंदा साजगावला कारखान्यात मशीनीवर उभी ऱ्हाते. दसऱ्याला पूजा होती. सायबानं नारळ फोडला, पाणी शिंपडाया गेला, तशी ही वरडली, "मशीनीवर नको, बंद पडंल!"

सगळी हसली. "बीएस्सी ना तू? तरी वाडीवरलीच राह्यलीस!"

सायबानं बोटं बुडवून चार थेंब उडवलं, बटन दाबलं. मशीन धडाधडा चालू झाली. नंदा तिच्याकडं बघतच राह्यली, तर मागनं कुणी तरी बोललं, "ए गणितवाली, माल येतोय, हात चालव."