मागच्या चाकांच्या चकत्या

दिवाळीला मुलगा पुण्याहून ती गाडी घेऊन आला तेव्हा मी अंगणात रांगोळी काढत होते. गाडी कसली, चाकं लावलेला पाट होता तो. दोन दारं, दोनच माणसांची जागा, आणि इतकी बसकी की वडनेरहून आमच्या गावात येणाऱ्या रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक तिने पोट घासूनच ओलांडला असणार. कोणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार होती. लग्नाचं नाव काढलं की या पोराच्या कपाळाला आठ्या पडत, आणि आता हे. मी म्हटलं, सून आण म्हटलं तर हे ध्यान आणलंस. तो हसला. तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं.

माझे यजमान मात्र गाडीच्या पुढे आलेच नाहीत. ते मागे गेले, उकिडवे बसले आणि मागची चाकं बघत राहिले. चाकं पत्र्याच्या आत दडलेली होती, दोन बोटं तरी. “चाकं आत हायेत,” एवढंच म्हणाले आणि घरात गेले. सणाचं ताट त्यांनी अर्धं तसंच ठेवलं.

त्यांना काय दिसलं ते मला ठाऊक होतं. माझे थोरले दीर ट्रॅक्टरखाली गेले. आमच्याकडे पिकाच्या ओळींप्रमाणे ट्रॅक्टरची मागची चाकं आत-बाहेर करतात, त्यात नवल काही नाही. त्या साली कपाशीच्या ओळींतून चालवायचा म्हणून दिरांनी चाकं आत घेतली होती. नाल्याकडच्या उतारावर वळताना ट्रॅक्टर कलला आणि उलटला. यजमान शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धावत पोहोचले तेव्हा वरचं चाक अजून फिरत होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच धर्म: चाक रुंद तर जीव सलामत. मुलगा लहान असताना सायकलीच्या बाजूची ती दोन छोटी चाकं यांनी इतकी वर्षं काढू दिली नाहीत की गावातली पोरं त्याला ‘चारचाकी’ म्हणून चिडवायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे मी समजू शकते. हे तर पाणीही फुंकायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, चाकं बाहेर काढ. आणि नवल म्हणजे मुलालाही तेच हवं होतं. चाकं पत्र्याच्या कडेला भिडलेली असली की गाडी ऐटीत उभी राहते म्हणे. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्यामध्ये धातूची चकती घालतात. तिला तो स्पेसर म्हणत होता. कारणं वेगळी असली तरी बापलेकांचं कधी नव्हे ते एकमत झालं. दोघं ओसरीवर एका फोनवर डोकी घालून बसलेले पाहून मला इतकं बरं वाटलं की मी चकल्या तळायच्या सोडून दारात उभी राहिले.

मुलगा बापाला समजावत होता. बोल्टाची भोकं भोकावर यायला हवीत, ते तर झालंच. पण मधलं भोकही हबच्या उभ्या कडेवर घट्ट बसायला हवं, नाहीतर चाक मधोमध राहत नाही. आणि चकती जेवढी जाड तेवढे बोल्ट लांब लागतात, नाहीतर ते आट्यांमध्ये नुसते ओठ टेकवल्यासारखे बसतात. या गाडीला तंतोतंत बसणारी चकती एकच मिळत होती, ती पातळ. त्याने मागवली. ती आली तेव्हा यजमानांनी हातात घेऊन उलटीपालटी केली. “हा तं पापड हाये,” म्हणाले आणि खाली ठेवली.

मग कोणाला न विचारता ते खामगावला गेले. ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या लेथवाल्याकडून त्यांनी दोन जाड लोखंडी चकत्या कातून घेतल्या. पातळ चकती नमुन्याला दिली होती, त्यामुळे बोल्टाची भोकं बरोबर आली. मधलं भोक मात्र यांनीच जरा मोठं करायला सांगितलं, बसवायला सोपं जावं म्हणून. ट्रॅक्टरला तेवढं चालतं. लांब बोल्टही बाजारात जसे मिळाले तसे आणले.

मुलाने चाक काढून चकती हबवर ठेवली तेव्हा मी तिथेच होते. मनगटाला मोठी झालेली बांगडी खालीवर होते तशी ती झाली. मुलाने ते पाहिलं, मीही पाहिलं. त्याने मान वर केली. त्याचा बाप हातात पाना घेऊन उभा होता, खांद्यावरच्या दुपट्ट्याने तो पाना पुसत होता, आणि दीर गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी न पाहिलेलं हसू होतं. मुलाने दोन्ही चकत्या बसवल्या. यजमानांनी चाकांवरून हात फिरवला आणि गाडी आल्यापासून रात्री डोळा न लागलेले ते त्या दुपारी असे झोपले की चहाला उठवावं लागलं.

निघताना मुलगा माझ्या पाया पडायला वाकला आणि हळूच म्हणाला, “आई, मी मोताळ्याले थांबून काढून टाकतो ह्या. बाबाले सांगू नको.”

मी विचारलं, काऊन? तर म्हणाला, नीट बसत नाहीत, चाक फिरलं का बोल्ट ढिले होतात, आणि त्याला पुढे राजूरचा घाट चढायचा होता. मग इथंच काढ ना, मी म्हटलं.

“बाबाले झोप येऊन राह्यली ना आता,” तो म्हणाला आणि गाडीत बसला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मोताळ्याहून फोन येईपर्यंत मी एक काम धड केलं नाही. “काढल्या,” असं त्याने सांगितलं तेव्हा यजमान बाजेवरून विचारत होते, घाट चढला का? मी म्हटलं, अजून नाही. काही होत नाही, चाकं रुंद आहेत, असं म्हणून ते कुशीवर वळले. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी इतकी दयाही आली, की मी उठून परसात निघून गेले.

त्यानंतर हा रिवाजच पडला. घरी येताना घाट उतरून मोताळ्याला चकत्या लावायच्या, जाताना तिथेच काढायच्या. तो जिथे सगळ्यात जास्त जपून असायला हवा, त्या घराकडच्या रस्त्यावरच तो ढिल्या चाकांवर चालायचा. गाडी दिसायच्या आधी मला ती ऐकू यायची. मारुतीच्या देवळापाशी वेग कमी झाला की मागून टक्, टक् असा आवाज. यजमान म्हणायचे, टायरात खडा अडकला असेल. मग उठून चाकांवर हात फिरवायचे आणि समाधानाने आत यायचे. मुलगा माझ्याकडे बघायचा नाही. कितीदा वाटलं, दोघांच्याही मुस्कटात द्यावी. आमच्या घरातल्या पुरुषांना माया तोंडाने सांगता येत नाही. एक लोखंड कातून आणतो, दुसरा तेच लोखंड गुपचूप लावून येतो, आणि जीव माझा जातो.

यंदा पोळ्याला तो सकाळीच आला. आवाज या वेळी टक् टक् नव्हता. मारुतीपासून दारापर्यंत नुसता खडखडाट होता. चहा पिताना तो सहज बोलून गेला की मोताळ्याला फार चिखल होता, जॅक रुतत होता, म्हणून चकत्या घाटमाथ्यावर, बुलडाण्यातच लावल्या. यजमान तेव्हा बाहेर ट्रॅक्टर धूत होते. माझ्या हातातलं पुरणाचं पातेलं मी खाली ठेवलं. म्हणजे पोरगं अख्खा राजूर घाट त्या चकत्यांवर उतरलं होतं. मी काही बोलायच्या आत तो आंघोळीला गेला. आंघोळ करून त्याला खामगावला मित्राकडे जायचं होतं, तेही हायवेने, ट्रकांच्या गर्दीतून. खुंटीवरची गाडीची किल्ली मी काढली आणि कमरेला खोचली.

पोळ्याला आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. घरात बैल राहिले नाहीत, पण यजमान त्या दिवशी ट्रॅक्टरही सुरू करत नाहीत. धुतात, हार घालतात, आणि मी ओवाळते. त्या दिवशी म्हणाले, यंदा पोराच्या गाडीलाही कुंकू लाव, तिनंच त्याला सुखरूप आणलं.

मी ताट घेऊन मागच्या चाकापाशी बसले. कुंकवाचं बोट चाकाच्या मधोमध लावलं, मग एका बोल्टाला लावलं. तो बोल्ट माझ्या बोटाखाली फिरला. मला वाटलं, भास झाला. चिमटीत धरून पुन्हा फिरवला, तो आणखी फिरला. बांगडी भरणाऱ्या कासारणीलाही याहून जास्त जोर लागतो. त्या क्षणी ठरवलं की आता कोणाची झोप सांभाळायची नाही.

मी यजमानांना हाक मारली. ते शेजारी बसले. त्यांचा हात धरून मी बोटं बोल्टावर ठेवली आणि म्हटलं, फिरवा. त्यांनी फिरवला. दोनतीन वेढ्यांत तो त्यांच्या तळहातावर आला, वर माझं कुंकू लागलेलं. त्यांनी दुसऱ्याला हात लावला, तोही हलला. ते चाकाकडे नाही, नाल्याकडच्या शेताकडे बघत होते.

“घाट उतरला तो याच्यावर?”

मी हो म्हटलं.

“त्याले माहीत हाये, हे ढिले होतात म्हणून?”

“पहिल्या दिवसापासून. मोताळ्याले लावते तो अन् जाताना तिथंच काढते.”

“मंग काऊन लावते तो?”

“तुमच्यासाठी,” मी म्हटलं.

ते बोल्ट परत भोकात घालायला लागले, पण आटे सापडेनात. घरातून मुलाने आवाज दिला, आई, गाडीची किल्ली कुठं ठेवली? मी कमरेवर हात ठेवला आणि यांच्याकडे पाहिलं. चाकाला एका हाताने घट्ट धरून, मान वर न करता, यांनीच उत्तर दिलं.

“आज पोळा हाये. आज काही जुपायचं नाही.”