आकृती क्रमांक दोनमधला लाल धागा

माझ्या नातीचा पहिला शोधनिबंध गेल्या आठवड्यात एका जर्नलकडे गेला. तेव्हापासून ती दिवसातून दहा वेळा त्यांचं पान उघडून बघते आणि मला फोन करते. "आजी, अजून रिव्ह्यूअरकडेच आहे." मी म्हणते, "असू दे की. तिथं काही उतू जात नाही." परवा तिनं विचारलं, माझा पहिला पेपर कसा गेला होता. मी म्हटलं, जाताना फार झोकात गेला, पण मला तो परत आणावा लागला. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

ही नात तेव्हा बालवाडीत होती आणि मी सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. वय एक्कावन्न. तेव्हाची मी म्हणजे ज्या बाई होत्या, त्यांची आणि माझी आता फारशी ओळख उरलेली नाही, पण तेव्हा त्या स्वतःला बऱ्याच हुशार समजत, एवढं आठवतं. प्रपाठकपदाच्या बढतीची मुलाखत वर्षभरावर आली होती आणि तिच्यासाठी एक बऱ्या जर्नलमधला पेपर लागत होता. पेपर नव्हता. 'प्रपाठक' अशी पितळी पाटी मात्र बाईंनी आधीच करून घेतली होती आणि कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

विषय मी घरातलाच निवडला. साठवणीच्या ज्वारीला सोंडकिडे लागतात. कडुलिंबाचा पाला किंवा गोवरीची राख घातली तर किती वाचते, हे मोजायचं. बारा बरण्या घेतल्या. चारांत पाला, चारांत राख आणि चारांत नुसती ज्वारी. ह्या शेवटच्या चारांना शास्त्रात कंट्रोल म्हणतात. त्यांना काही करायचं नसतं, म्हणजे बाकीच्यांशी तुलना करता येते. प्रत्येक बरणीत मोजून वीस किडे सोडले.

बरण्या खरं तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत राहायच्या. पण तपासणी समिती येणार होती आणि प्राचार्यांचं म्हणणं पडलं की समितीला आमच्या कॉलेजात किडे दिसू नयेत. म्हणून त्या रिक्षातून घरी आल्या आणि गच्चीवरच्या खोलीत फळीवर बसल्या. मी घरातल्या सगळ्यांना वर बोलावलं. सगळे म्हणजे बँकेत नोकरीला असलेले आमचे हे आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची. कंट्रोलच्या बरण्यांकडे बोट करून मी वर्गात बोलतात त्या आवाजात म्हटलं, "ह्या चार बरण्यांना कुणीही हात लावायचा नाही." बाकीच्या आठ बरण्यांबद्दल काही बोलले नाही. औषध घातलेल्या बरण्यांना कोण कशाला हात लावेल, असं बाईंचं शास्त्र.

सहा महिने दर महिन्याला मी किडे मोजले, भोकं पडलेले दाणे मोजले, बरण्यांचं वजन केलं. निकाल इतके सुंदर येत होते की मला रात्री झोप लागायची नाही. कंट्रोलच्या बरण्यांत नुसती वळवळ, आणि पाल्याच्या बरण्यांत किडा औषधाला सापडत नव्हता. राखेच्या बरण्याही स्वच्छ होत्या. फक्त त्यांचं वजन दर महिन्याला थोडं थोडं कमी भरायचं. त्यावर मी पेपरात एक परिच्छेद लिहिला, की राखेतला ओलावा उडून जात असावा. पाला चौथ्या महिन्यातही हिरवागार होता. त्यावर दीड परिच्छेद लिहिला. पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईनं, तोडलेलं पान चार महिने हिरवं राहतं यावर दीड परिच्छेद लिहिला आणि खाली सात संदर्भ दिले.

मग पाठवण्याची तयारी. जर्नलच्या सूचना चौदा पानांच्या होत्या. ओळींना क्रमांक हवेत, तक्ते शेवटी हवेत, संदर्भात स्वल्पविराम कुठं आणि पूर्णविराम कुठं ते त्यांनी ठरवलेलं. मी संदर्भ तीनदा बदलले. सोबत संपादकांना पत्र लागतं. ते मी आमच्या पद्धतीनं केलं, म्हणजे विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, आणि वर कोपऱ्यात 'योग्य त्या मार्गाने'. परदेशातल्या त्या संपादकाला आमचा जावक क्रमांक काय समजला असेल कोण जाणे, पण तसाच स्कॅन करून पाठवला. कॉलेजच्या संगणकावर बटण दाबलं आणि घरी येऊन आत्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "कशाचं गं?" मी म्हटलं, "ज्वारीचं." त्यांनी तोंड फिरवलं. त्या सहा महिन्यांत त्या माझ्याशी जरा तुटकच वागत होत्या. मी ते त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर ढकललं होतं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. पेपर छापण्याजोगा आहे, किरकोळ खुलासे हवेत. पहिल्या रिव्ह्यूअरला, म्हणजे पेपर तपासणाऱ्याला, सगळं पसंत होतं. दुसऱ्याचे तीन प्रश्न होते, ते मी पुढं ढकलले आणि आधी फोन लावला तो मंगळवेढ्याला, आत्यांच्या भावाला. प्रयोगाची ज्वारी त्यांच्याच शेतातली होती.

"मामा, आता वाळवायची कटकट संपली," मी सांगितलं. "नुसता पाला घाला आणि विसरून जा. परदेशात छापून येतंय."

"बरं झालं सूनबाई," मामा म्हणाले. "माजं गुडगं तरी वाचलं."

दोनेक आठवड्यांनी निवांत बसून मी ते तीन प्रश्न वाचले. राखेचं वजन का घटतं? पाला हिरवा कसा? आणि आकृती क्रमांक दोनमध्ये, राखेच्या बरणीच्या छायाचित्रात, दाण्यांमध्ये एक लाल धागा दिसतो, तो कसला?

मी भिंग आणून बघितलं. धागा होता. मी स्वतः काढलेला फोटो, दहा वेळा पाहिलेला, आणि मला दिसला नव्हता. भिंग हातात घेऊन वर गेले. गच्चीत दोरीवर एक जुनी चादर वाळत होती. आमच्या शेजाऱ्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यातून आणलेली, विणीत चूक राहिलेली म्हणून स्वस्तात मिळालेली. काठ लाल.

खाली आले. आत्या भाकरी थापत होत्या.

"आत्या, वरच्या बरण्यांना कुणी हात लावला होता का?"

"त्या चारीला न्हाय. तू सांगितलं हुतंस की."

"आणि बाकीच्यांना?"

"त्या दर बेस्तरवारी उन्हात घालत हुते."

बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, माझी दिवसभर प्रात्यक्षिकं असायची.

"आणि पाला?"

"वाळला की ताजा घालायचा. वाळक्या पाल्यानं काय हुतंय?"

"आणि राख?"

"चाळताना पडती की थोडी. आठवंल तशी परत टाकायची."

"सहा महिने? मग मला सांगितलं का नाहीत?"

"त्यात काय सांगायचं?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. "पीठ चाळलं म्हणून सांगती का मी तुला रोज?" मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माज्या म्हायेरची ज्वारी. आत किडं दिसलं. म्हटलं तू बोलायच्या आत निवडून टाकावं. त्या चार तू हात लावू दिल्या न्हाईस. मला वाटलं, भाऊ आला की त्येला दावाया ठिवल्यात. बघा तुमची ज्वारी, म्हणून."

म्हणजे गुडघे नव्हते ते.

"आत्या, ते किडे मी सोडले होते."

"तू?"

"मोजून वीस."

"माज्या भावाच्या ज्वारीत?"

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

इथं ती प्राध्यापिकाबाई काय करत होती, ते नातीला सांगायला थोडं जड जातं. तिनं खुलासा लिहून ठेवला. लाल धागा: प्रयोगशाळेतल्या कापडाचा, चुकून आलेला. राख: ओलावा. पाला: स्थानिक जातीचं वैशिष्ट्य. आमचे हे वाचून म्हणाले, "झकास आहे. कुणाला कळणार आहे? त्या रिव्ह्यूअरला काय आपली गच्ची दिसतीय?" मुलाखत महिन्यावर आली होती. खुलासा पाठवला की पेपर पक्का आणि पेपर पक्का की पाटी भिंतीवर. रोज कॉलेजात जाऊन मी जर्नलचं पान उघडायची, खुलासा चिकटवायची, एखादा स्वल्पविराम हलवायची आणि बंद करायची. असे आठ दिवस. बाईंना वाटत होतं, आपला विवेक जागा आहे. मला आता वाटतं, धीर होत नव्हता, एवढंच.

नवव्या दिवशी मामा एसटीनं आले. पिशवीत शेंगा होत्या. बहीण तोंड फुगवून बसलेली, सूनही गप्प, त्यामुळं ते एकटेच बोलत होते.

"म्याडम, तुमच्या सांगण्यावरनं औंदा ज्वारी उन्हात घातलीच न्हाय बगा. पाला घातला न् कणगीचं तोंड लिंपून टाकलं. वरीसभर बगायला नगं."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ते बघणं पुरेसं होतं.

नुसत्या पाल्यानं ज्वारी राहते की नाही, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण माझ्या प्रयोगात ते बघायचंच राहिलं होतं. त्या कणगीत एका घराची वर्षाची भाकरी होती आणि ती माझ्या फोनवर बंद झाली होती.

"मामा," मी म्हटलं, "घरी गेलात की कणगी उघडा."

"का वं?"

"मी सांगितलं ते खरं आहे की नाही, मला ठाऊक नाही."

मामांनी हातातली शेंग सोलली. "मग छापलं कसं?"

"अजून छापलं नाही."

"मग बरं हाय," ते म्हणाले. चहा झाल्यावर परतीच्या गाडीनं गेले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, आत्यांना. ज्वारी अजून चांगली होती, पण मधोमध हाताला ऊब लागत होती. ऊब लागली की किडा दूर नसतो, हे आत्यांनी मला फोन ठेवल्यावर सांगितलं. भाकरीच्या त्या दिवसानंतरचं त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

मी पेपर मागे घेण्याचं पत्र लिहिलं. घडलं तसं सगळं लिहिलं, बेस्तरवारासकट. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "हेसुद्धा योग्य त्या मार्गानेच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक पडला. संपादकाचं उत्तर दोन ओळींचं आलं. पेपर मागे घेतला आहे, आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरचं म्हणणं आहे की उन्हात वाळवणं हाच एक वेगळा उपचार धरून प्रयोग पुन्हा केला तर वाचायला आवडेल.

मुलाखतीला मी गेले. टेबलापलीकडं तिघे होते.

"प्रकाशित संशोधन?"

"एक स्वीकारलं जाणार होतं. मी मागे घेतलं."

"कारण?"

"बरण्या उन्हात वाळत घातल्या गेल्या."

"कुणी घातल्या?"

"सासूबाईंनी."

एकानं चष्मा काढून पुसला. दुसऱ्यानं माझा अर्ज उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं. तिसऱ्यानं विचारलं, "मग त्या प्रयोगातून निष्पन्न काय झालं?" मी म्हटलं, "ज्वारी चांगली राहिली." तीन आठवड्यांनी पत्र आलं, की पुढील वेळी विचार करण्यात येईल. पाटी साड्यांखालीच राहिली.

प्रयोग पुन्हा केला. ह्या वेळी सोळा बरण्या, त्यातल्या चार आत्यांच्या. ना पाला, ना राख, फक्त बेस्तरवारी ऊन आणि चाळण. बाकी बारांना कुणीही हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक बरणीवर बोट ठेवून सांगितलं. आत्यांनी नियम पाळला. पण कंट्रोलच्या बरण्यांसमोरून जाताना त्या दर वेळी पदर तोंडाला लावायच्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "डोळ्यादेखत अन्न किडवायचं. पगार कशाचा घेतीस गं?" सहा महिन्यांनी त्यांच्या चार बरण्या पाल्याच्या बरण्यांपेक्षा बऱ्या निघाल्या. राख तिसरी आली.

तो पेपर छापून आला. आभाराला एका ओळीची जागा होती, ती त्यांना दिली. अंक आला त्या दिवशी मी त्यांना इंग्रजीतला निष्कर्ष मराठीत वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतला.

"ऊन दावलं की किडा मरतो," त्या म्हणाल्या. "हेच ना?"

"हेच."

"ह्येला दीड वरीस?"

"दोन."

एक सवय मात्र त्यांनी तेव्हापासून धरली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी विचारायच्या. चारचौघांत विचारायच्या. "मॅडम, मिठाला हात लावू का?" "तुमच्या टावेलाला हात लावू का?" पाहुण्यांना वाटायचं, किती मान देतात सुनेला.

बढती पुढच्या खेपेला मिळाली, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना. मी कपाटातून पाटी काढली, तर पितळ पार काळवंडलेलं. आत्या पलीकडं चिंच कोळत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून बघितलं, पाटी तशी आधीही कधीतरी बघितल्यासारखी. चिंचेचा चोथा मुठीत घेतला आणि हात पुढं केला.

"हिला हात लावू का?"